सातव्या भोकाची अर्धी बाजू

"रेघेवर नको सोडूस गं पाणी. बाजूनं सोड, खडे. बाजूनं."

आईचा हा आवाज तिच्या कानात इतका पक्का बसला होता, की शहरातल्या घरी भाजी धुतानासुद्धा तिचा हात नळाखाली आपोआप तिरका व्हायचा. आईचा चेहरा आता फोटोपुरता उरला होता. आवाज मात्र जसाच्या तसा होता, थोडा बसका आणि शेवटचा शब्द लांबवणारा. लहानपणी ती हाताला लागेल तो खडा तोंडात घालायची, म्हणून आईनं तिला खडी म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळा झाली, कॉलेज झालं, दगडांचंच शिक्षण घेऊन बाबा होते त्याच तांबं शोधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तरी बाबांसाठी ती खडीच राहिली.

बोटीतून बेट दिसू लागलं तेव्हा इंजिनाच्या घरघरीतही तिला तोच आवाज ऐकू आला.

समुद्राच्या मधोमध एकटा उभा डोंगर होता, कधीकाळी आग ओकून आता थंड पडलेला. त्याला एकच बाजू होती. माणसांचा पत्ता नव्हता त्या काळात अर्धा डोंगर एका दमात घसरून समुद्रात गेला होता. जिथून तो तुटला तिथे उभा कडा राहिला, आणि कड्याच्या पायाशी अर्धगोल, शांत पाणी. त्या पाण्यातच बोटीचा धक्का होता. लांबून पाहिलं की कुणीतरी घराची समोरची भिंत काढून नेली आहे आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या आहेत, असं वाटे.

बाबांनी तिला डोंगर शिकवला तो चुलीवरून. तिला मांडीवर घेऊन ते सांगायचे, "डोंगराच्या पोटात चूल असते. चुलीच्या अगदी जवळचा दगड भाजून गुलाबी होतो. त्यात पांढऱ्या गारेचे धागे शिरतात, आणि त्या धाग्यांत तांबं बसतं. त्याच्या बाहेर पिवळ्या चमकीचा पट्टा. तो नुसता लोखंडाचा आणि गंधकाचा, दिसायला नवरदेव आणि कामाला शून्य. त्याच्याही बाहेर हिरवा दगड, नुसता शेक लागलेला. चूल आपल्याला दिसत नाही. आपण शेक बघत बघत तिच्याकडे जायचं."

"आणि चूल विझली असली तर?"

"विझलेलीच असते गं. विझलेल्या चुलीतच तांबं सापडतं."

धक्क्यावर भोकवाले काका उभे होते. जमिनीत पोलादी नळी घालून खोलवरचा दगड कांडीच्या रूपात वर काढायचा, हे त्यांचं जन्माचं काम, म्हणून हे नाव. त्यांनी तिची बॅग घेतली आणि वजन करून पाहिल्यासारखी हलवली.

"खायचं काही आणलंस, का नुसती बातमीच?"

"दोन्ही आणलंय."

"मग आधी खायचं दे. बातमी काय, ती शिळी होत नाही."

"काका, मशीन चालू आहे का अजून?"

"मशीनला गंज चढलाय, मलाही चढलाय. आम्ही दोघं समोरासमोर बसून कुरकुरतो." मग चालता चालता आवाज खाली आणून ते म्हणाले, "कंपनी बंद करणार ना हे सगळं?"

"सातव्या भोकावर आहे."

काका थांबले. समुद्राकडे बघून त्यांनी नाक ओढलं आणि पुन्हा चालू लागले.

सगळं खरंच सातव्या भोकावर अडलं होतं. बेटावर जी काही भोकं पाडली गेली, त्यांतल्या बाकी सगळ्यांचे निकाल आले होते आणि सगळे फिके होते. फक्त सातव्याचा निकाल कधी आलाच नव्हता. कांडी वर आली की ती करवतीनं उभी चिरायची. अर्धी बाजू पोत्यात भरून लांबच्या प्रयोगशाळेत पाठवायची, अर्धी पेटीत कायमची ठेवायची, हा या कामाचा नेम. सातव्याची अर्धी बाजू घेऊन आई स्वतः बोटीतून निघाली होती. नमुन्यांचं काम तिच्याकडेच असायचं. आठ दिवसांत येते म्हणाली होती.

ती बोट पलीकडे पोचली नाही.

बेटावर कुणी यापेक्षा जास्त कधी बोललं नाही. पहिले काही दिवस "उशीर झाला" म्हणत होते. मग "बोट आली नाही" म्हणू लागले. आणि मग तेच वाक्य राहिलं, घरातल्या एखाद्या जड कपाटासारखं, जे कुणी सरकवत नाही आणि सगळे वळसा घालून जातात. खडीला मावशीकडे पाठवलं गेलं. बाबा इथल्या कामाचे साहेब, ते बेटावरच राहिले. दर काही वर्षांनी वरचे साहेब बदलले, की बाबा त्यांना कळवत, सातव्याचा निकाल यायचा आहे, तो आल्याशिवाय डोंगराबद्दल शेवटचं काही म्हणता येणार नाही. कंपनी कंटाळून एखादं नवं भोक मंजूर करी. पेटीत राहिलेली अर्धी बाजू पुन्हा चिरून पाठवा, असं कुणी सुचवलं की करवत बिघडलेली असायची. करवत नीट झाली की पातं मिळत नसे.

आता नवे साहेब आले होते. त्यांनी साफ सांगितलं होतं की पुढच्या बोटीनं सातव्याचे नमुने आले पाहिजेत, नाहीतर आम्ही आमची माणसं पाठवतो. खडीनं स्वतः होऊन हे काम मागून घेतलं. परकी माणसं येऊन त्या पेट्या उचलतील आणि बाबा दारात उभे राहून बघतील, हे चित्र तिला सहन होईना. शिवाय तिच्या बॅगेत परतीची दोन तिकिटं होती.

*

बाबांची खोली तशीच होती. खाट, टेबल, खिडकीत भिंगं, भिंतीवर डोंगराचा नकाशा, ज्याच्या घड्या आता फाटत आल्या होत्या. खिडकीतून धक्का दिसत होता. बाबा वाळले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल उभी होती.

"केस का कापलेस?" ही त्यांची पहिली विचारपूस.

"सोपं पडतं, बाबा."

"आईला आवडणार नाही."

तिनं बॅग खाटेखाली सरकवली. जेवताना त्यांनी डोंगराच्याच गोष्टी केल्या. उत्तरेच्या कड्यावरून दगड घसरलेत, वरच्या झऱ्याला वास येतो, पुढचं भोक तिथे घ्यायला हवं. काका ताटावर मान घालून हसले.

"साहेब, तिथून धक्का दिसतो का?"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. तुम्ही दाखवलेल्या प्रत्येक जागेवरून दिसतो, म्हणून विचारलं. मला वाटायचं, साहेबांना समुद्राची हवा मानवते." बोलून झाल्यावर काकांना आपणच काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून उगाच सगळ्यांचे पेले भरले, भरलेलेसुद्धा.

खडीनं ताट बाजूला सारलं. "बाबा, सातव्याच्या पेट्या उघडायच्या आहेत."

"त्या राहू देत."

"नमुना नाही पाठवला तर ते त्यांची माणसं पाठवतील. आणि निकाल काहीही आला तरी तुम्हाला आता इथं एकटं ठेवून मी जाणार नाही. मी दोन तिकिटं आणलीत."

"एकटा कुठे आहे? भोकवाला आहे."

"मला धरू नका," काका म्हणाले. "मीपण याच बोटीनं निघालोय. माझा नातू मला ओळखेनासा झालाय."

बाबांनी बोटानं टेबलावरचा पाण्याचा थेंब पसरवला. "त्या चिरायच्या नाहीत, खडे. त्यांची दुसरी बाजू यायची आहे. एक बाजू आली आणि इथली आपण तोडून ठेवली, तर जुळवणार कशी?"

इतकं सरळ, इतकं कामाचं बोलल्यासारखं ते म्हणाले, की तिनं बाजूला सारलेलं ताट उगाच पुन्हा जवळ ओढलं. आपले बाबा हिशेबी माणूस, शेक बघत बघत चुलीकडे जाणारे. आणि आपण काय बोलतोय, हे त्यांना ऐकूच येत नसावं.

"मी नुसत्या बघून येते," ती म्हणाली.

*

पेट्यांची शेड कड्याखाली होती. पत्र्याचं छत, तारेची जाळी, आणि आत रांगेनं रचलेल्या लांबट लाकडी पेट्या, प्रत्येकीत दगडाच्या कांड्या ओळीनं निजलेल्या. डोंगराची राख वाऱ्यानं उडून सगळ्यावर बसली होती. पहिल्या भोकाच्या पेटीवर तिनं बोट फिरवलं तर मागे रेघ उमटली. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. तिनं पाण्याचं मडकं घेतलं आणि सवयीनं एकेक कांडी भिजवून पाहत पुढे गेली. कोरडा दगड राखाडी दिसतो. पाणी लागलं की त्याचा रंग जागा होतो. हिरवा, हिरवा, मग पिवळी चमक. चमकीवर तिनं चाकूचं टोक ओढून पाहिलं. तांब्याचा खडा चाकूला शरण येतो, हा आला नाही. गुलाबी कुठेच नव्हता. शेक होता, चुलीचा पत्ता नव्हता.

कॉलेजात असतानाच तिला हे समजलं होतं, नुसता नकाशा बघून. चूल अर्ध्या डोंगराबरोबर केव्हाच समुद्रात गेली होती. बेट म्हणून जे उरलं ती नुसती मागची भिंत. तिनं बाबांना ते कधी म्हटलं नाही. आपल्याला नकाशावरून कळतं ते त्यांना जन्मभर इथं चालून कळलं नसेल, असं मानणं तिला जड गेलं, आणि कळलं असेल असं मानणं त्याहून जड.

मग ती सातव्याच्या रांगेपाशी आली.

या पेट्यांवर राख नव्हती. झाकणं पुसलेली होती. बिजागरीला तेल होतं. तिनं पहिलं झाकण उचललं आणि आंबट, जळक्या काडेपेटीसारखा वास नाकात शिरला. कांड्या ओल्या होत्या. आत्ता सकाळी कुणी पाणी घातलं असावं इतक्या ओल्या.

ती खाली बसली.

चमकीचा दगड ओला ठेवायचा नसतो, हे या कामातलं पोरही सांगेल. पाणी आणि हवा लागत राहिली की आतला गंधक आंबट होऊन दगडालाच खातो. एकदा धुऊन पाहायचं, वाळवायचं आणि झाकून ठेवायचं. बाबांनीच तिला ते शिकवलं होतं. आणि इथं कांड्या भुसभुशीत झाल्या होत्या. बोट लावलं की कडा सुटत होती. पेटीचं लाकूड काळं पडून खालून झिजलं होतं, आणि फळीवरून गंजाचे ओघळ वाळून बसले होते. इतकी वर्षं कुणीतरी हे दगड न चुकता भिजवत आलं होतं, रंग जागे करत आलं होतं, आणि त्यातच ते संपवत आलं होतं.

पण प्रत्येक कांडीवरची लाल पेन्सिलीची रेघ शाबूत होती.

ती आईची रेघ होती. कांडी कुठे वर आणि कुठे खाली, ते कळावं म्हणून लांबीभर ओढलेली, आणि रेघेवर खाली तोंड केलेले बाण, आईचे, चिमणीच्या पायासारखे तीन बोटांचे. चिरताना रेघेची बाजू कायम पेटीत राहते. आई चिरता चिरता त्यावर स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी गुणगुणायची:

अर्धा दगड पेटीत, अर्धा दगड बोटीत,
जाणाऱ्याची रेघ राहे राहणाऱ्याच्या मुठीत.

खडी वाकून बघत राहिली. रेघेच्या दोन्ही अंगांनी पाण्याचे डाग होते. रेघेवर एकही नव्हता. पाणी बाजूनं सोडलं होतं. वर्षानुवर्षं, बाजूनं.

मग तिच्यातल्या दगडवालीनं नकळत आणखी एक गोष्ट पाहिली. तांब्याचं भांडं ओलं राहिलं की त्यावर हिरवा कळंक चढतो. या दगडांत कणभर जरी तांबं असतं, तर इतक्या वर्षांच्या पाण्यानं ते हिरवंनिळं फुलून वर आलं असतं. तिनं पेटीमागून पेटी उघडली. सगळीकडे तपकिरी गंज, पांढरी बुकटी, पिवळी बुकटी. हिरवा डाग कुठेही नाही. प्रयोगशाळेची गरजच नव्हती. सातव्याचा निकाल इथं पेटीतच कधीचा येऊन पडला होता, आणि ज्यानं रोज झाकण उचललं त्यानं तो रोज वाचला होता.

दाराशी सावली हलली. बाबा उभे होते, हातात पाण्याचं लहान मडकं. दुपारची त्यांची वेळ असावी. तिला तिथं बघून त्यांनी मडकं थोडं मागे नेलं, लहान मूल हातातलं लपवतं तसं.

"भिजवल्यावर छान दिसतात," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"कोरडे असले की ओळख पटत नाही."

ती उठली नाही. तिनं नुसती बाजूला सरकून जागा केली. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, ते तिच्या शेजारी बसले.

"हिरवं बघत होतीस?"

तिनं मान हलवली.

"मीही बघायचो. पहिली काही वर्षं." त्यांनी एका कांडीवरचा गंज अंगठ्यानं पुसला. "मग नुसता बाण बघायला यायचो."

तिला विचारायचं होतं, मग कंपनीला कशाला सांगत राहिलात, मला कशाला मावशीकडे ठेवलंत, कुणासाठी धरून बसलात हे. पण खिडकीतला धक्का, काकांची ती थट्टा आणि हातातलं मडकं, या तिन्हींनी आधीच उत्तर दिलं होतं. कंपनीची ही छावणी बंद झाली असती तर बेटावर कुणी राहिलं नसतं. आणि कुणी उतरलं असतं धक्क्यावर, तर दिवा लावायला कोण होतं?

"बाबा, मी नाही चिरत," ती म्हणाली. "मी लिहून देते की दगड कुजला, नमुन्याच्या लायकीचा राहिला नाही. खोटं नाहीच ते. पेट्या राहू देत अशाच."

"आणि मग?"

"मग तुम्ही माझ्याबरोबर चला."

"आणि पेट्या?"

बाहेर समुद्र आपल्या लयीत येत जात होता. बाबांनी मडक्यातलं पाणी पाहिलं, मग कांड्या पाहिल्या, आणि मडकं तसंच भरलेलं जमिनीवर ठेवलं. त्या दुपारी त्यांनी पाणी घातलं नाही.

*

सकाळी करवतीच्या आवाजानं ती जागी झाली. घाईनं शेडकडे गेली तर काका इंजिनापाशी उभे, आणि बाबा करवतीपाशी, डोळ्यांवर जुना चष्मा, अंगावर रबरी एप्रन. हिऱ्याचे दात बसवलेलं पातं गरगर फिरत होतं आणि त्यावर पाण्याची धार पडत होती.

"करवत बिघडलेली होती ना, काका?" तिनं हळूच विचारलं.

"कसली बिघडतेय. दर महिन्याला तुझे बाबा तेल घालायला लावत होते." काकांनी चेहरा दुसरीकडे केला. "पाती एवढी आहेत, की आणखी एक डोंगर कापून होईल."

सातव्याच्या पेट्यांतून जे काही अजून अखंड होतं, ते बाबांनी निवडून ठेवलं होतं. फारसं नव्हतंच. एकेक अर्धी कांडी ते दोन्ही हातांनी धरून पात्याखाली सरकवत होते. अर्धीची पाव करताना रेघ वाचवायची म्हणजे केसाएवढी जागा मिळते. ती वाचत होती. प्रत्येक वेळी रेघेचा तुकडा एका हाताला येत होता आणि बिनरेघेचा दुसऱ्या.

तिनं पोतं धरलं. बिनरेघेचे तुकडे तिनं पोत्यात घेतले, एकेक पुसून, कोरडे करून. नियमाप्रमाणे रेघेचे तुकडे पेटीत परत जायला हवे होते. बाबांनी ते पेटीत ठेवले नाहीत. फडक्यात गुंडाळून एप्रनच्या खिशात घातले. खिसा जड होऊन लोंबायला लागला.

"हे कंपनीचे आहेत, साहेब," काका म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून.

"पगारातून कापून घ्या म्हणावं."

काका हसले आणि हसता हसताच त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

शेवटची कांडी राहिली. तिच्यावरचा बाण सगळ्यात स्पष्ट होता, चिमणीचा तीन बोटांचा पाय. बाबांनी ती पात्याखाली नेली आणि मध्येच दगडाच्या आतला कुजका भाग सुटला. कांडी त्यांच्या हातात फुटली. ओली पिवळी बुकटी बोटांतून खाली पडली. रेघ तुटून दोन्हीकडे गेली.

खडी पुढे झाली. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग काकांना खूण केली. काकांनी इंजिन बंद केलं.

आवाज एकदम थांबल्यावर समुद्र ऐकू येऊ लागला. पात्यावरच्या नळीतून पाणी अजून ठिबकत होतं. बाबांनी ओंजळीतले तुकडे बघितले. जुळवून पाहिले. जुळले नाहीत. त्यांनी ओंजळ नळीखाली धरली, बुकटी वाहून जाऊ दिली, आणि उरलेला छोटासा, बाणाचं एकच बोट असलेला खडा लेकीच्या तळहातावर ठेवला. तिची मूठ त्यांनी आपल्या ओल्या हातानं मिटली.

"ती बोट बुडाली गं, खडे," बाबा म्हणाले. "तुझी आई बुडाली."